अप्पांचा चेहरा

माणूस मेला की त्याचे गाल कानांकडे घसरतात. जिवंत माणूस बसलेला असतो, बोलत असतो, तेव्हा ते हनुवटीकडे ओढलेले असतात. आडवा झाला आणि आतला जोर गेला की मांस मागं सरकतं, नाक पुढं येतं, आणि रोजचा माणूससुद्धा क्षणभर परका वाटतो. सिनेमातली बहुतेक मढी त्यामुळंच खोटी दिसतात. बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा आणि मग त्याला आडवं टाकायचं, हा आळशीपणा मला सहन होत नाही. म्हणून मी अप्पांना टेबलावर आडवं झोपवलं होतं.

हे जरा नीट सांगते. माझं नाव सिद्धेश्वरी. सोलापुरात अक्कलकोट रोडला पूर्वी जिथं टॉवेलचे माग चालायचे अशा एका शेडमध्ये माझं वर्कशॉप आहे. सिनेमावाल्यांना सिलिकॉनची माणसं करून देणं हा माझा धंदा. कापलेले हात, भाजलेल्या पाठी, सुरकुतलेल्या माना, गरोदर पोटं. बरीच वर्षं हे मुंबईत केलं, मग तिथलं भाडं आणि तिथली माणसं, दोन्ही सोसेना, तेव्हा परत आले. नातेवाइकांना अजून वाटतं की माझं ब्युटी पार्लर आहे. लग्नसराईत एखादी मावशी फोन करून विचारते, नवरीचा मेकअप करशील का. मी म्हणते, नवरीला सत्तर वर्षांची करून हवी असेल तर सांगा. मग पुढचे सहा महिने मावशीचा फोन येत नाही.

यंदाचं काम मंगळवेढ्याच्या शिवारात चाललेल्या एका सिनेमाचं होतं. गोष्ट एका दिवसाची. घरातला म्हातारा सकाळी मेलेला असतो, मुलं यायची वाट बघत मढं अंगणात पडून असतं, आणि त्याच्याभोवती सगळं घर भांडत असतं. म्हाताऱ्याला जिवंतपणाचा एकही सीन नाही. सिनेमाभर नुसतं पडून राहायचं. इतके दिवस उन्हात श्वास रोखून कुठला नट पडून राहणार? तेव्हा सिलिकॉनचा म्हातारा करायचं ठरलं. डोकं, मान, छाती आणि हात सिलिकॉनचे, बाकी सगळा फोम, वर धोतर आणि चादर.

"चेहरा कुणाचाबी चालंल ताई," प्रॉडक्शनचा मानसिंग फोनवर म्हणाला होता. हा नातेपुत्याचा गडी, सगळ्या युनिटची कामं एकटा ओढायचा आणि त्याचा राग फोनवर माझ्यावर काढायचा. "फकस्त म्हातारा पायजे. आन जरा तेजस्वी."

तेजस्वी म्हातारे सोलापुरात पैशाला पासरी मिळतात. पण मेल्याचं सोंग घ्यायला एक तयार होईना. शेजारचे प्रभुलिंगकाका आधी हो म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सूनबाईनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी वैतागून घरी येऊन आदळआपट करत होते, तेव्हा अप्पा म्हणाले, "मला घे की. मी काय कामात हाय?"

अप्पा म्हणजे माझे वडील, चनबसप्पा. आयुष्यभर कापडाच्या दुकानात गादीवर बसले. दुकान कधीच गेलं, बसणं तेवढं राहिलं. अव्वा, म्हणजे माझी आई, गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी सकाळी बाहेर पडते तेव्हा ते ओट्यावर बसलेले असतात आणि परत येते तेव्हाही तिथंच असतात.

साच्याच्या दिवशी ते शेडवर आले, टेबल बघितलं आणि विचारलं, "त्या म्हाताऱ्याला नंतर काय करणार तुमी लोक?"

"पडून राहणार. शूटिंग संपलं की परत माझ्याकडं येणार."

"जाळणार न्हाईत न्हवं?"

"नाही."

"तेवढं बघ. बाकी कायबी करा."

आमच्यात, लिंगायतांत, मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवतात. खड्ड्यात मांडी घालून, पाठ ताठ, कपाळाला विभूती लावून, तळहातावर इष्टलिंग ठेवून. अव्वाला असंच बसवलं. तिच्या शेजारी मोकळी जागा आहे आणि अप्पा दर अमावस्येला ती बघून येतात. एसटीत रुमाल टाकून धरलेली सीट कुणी घेतली तर नाही ना, हे बघावं तसं. आगीचं त्यांना भय आहे असं नाही. आग आपली नाही, एवढंच. मी मानसिंगला आधीच विचारून ठेवलं होतं. चितेचा एकच शॉट आहे, लांबून, आणि त्यात कडब्याचा माणूस करून ठेवणार, असं तो म्हणाला होता. म्हणजे अप्पांना मी जे सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं.

"झोप म्हणतीस तर झोपतो," टेबलावर चढताना अप्पा म्हणाले. "पण आमच्यात असं आडवं टाकत न्हाईत, म्हाईत हाय की तुला."

"माहीत आहे. पडा आता."

दातांचे डॉक्टर माप घ्यायला एक पावडर वापरतात. ती पाण्यात कालवायची आणि श्रीखंडाएवढी दाट झाली की तोंडावर थापायची. डोळे बंद, ओठ बंद, फक्त नाकपुड्या उघड्या. वरून प्लास्टरच्या पट्ट्या. आत अंधार असतो आणि कानात फक्त आपलाच श्वास. भले भले नट त्यात घाबरून हातपाय झाडतात. मी अप्पांचा हात धरला आणि सांगितलं, त्रास झाला तर दाबा. त्यांनी दाबला नाही. थोड्या वेळानं पट्ट्यांखालून घोरणं ऐकू आलं.

गळ्यातलं इष्टलिंग काढायला त्यांनी साफ नकार दिला होता. ते आंघोळीलासुद्धा निघत नाही, साच्यासाठी कुठलं निघतंय. मी ते खांद्यामागं सरकवलं, पण मानेवरून जाणारा दोरा राहिलाच आणि साच्यात त्याची बारीक खाच उमटली. ती मी बुजवून टाकायला हवी होती, कारण सिनेमातला म्हातारा काही आमच्यातला नव्हता. बुजवली नाही. कंटाळा आला, असं मी ऋतुजाला सांगितलं.

ऋतुजा करमाळ्याची. माझ्याबरोबर काम करते आणि तिच्यासारखे केस लावणारं माणूस मला मुंबईतही भेटलं नव्हतं. भुवईचा एकेक केस ती सुईनं टोचून बसवते. अप्पांच्या कानातले केसही तिनं तसेच बसवले, आणि छातीवरचे पांढरे. त्या दिवसांत तिची मान वाकडी झाली होती आणि माझे डोळे इतके चुरचुरत होते की रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे मला साच्यातून काढल्यासारखे दिसायचे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात सिलिकॉन ओतणं ही शिक्षाच असते. दोन डब्यांतला माल एकत्र केला की तो जमायला लागतो, आणि आपल्याकडच्या उन्हात इतका भराभर जमतो की नाकापर्यंत पोचायच्या आत हनुवटी घट्ट झालेली असते. म्हणून आम्ही डबे बर्फात ठेवतो आणि उजाडायच्या आत ओततो. त्यात पहिल्या वेळी ऋतुजानं चुकून लॅटेक्सचे हातमोजे घातले. आमचं हे सिलिकॉन लॅटेक्सला शिवलं की रुसतं, मग ते जमतच नाही. साचा उघडला तर अप्पांचा डावा कान आणि अर्धा गाल काकवीसारखा चिकट. सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. ऋतुजा रडायला आली होती. मी ओरडले नाही. ओरडायलाही अंगात काहीतरी लागतं.

शेवटी चेहरा झाला तेव्हा अप्पा बघायला आले. बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"दाढी करून यायला पायजे हुतं," म्हणाले. मग बोट पुढं करून त्यांनी मानेवरची ती खाच चाचपली. "ही राहिली व्हय?"

"राहिली."

"आयितु. राहू दे." कानडीत झालं, ठीक आहे, असं म्हणायचं असलं की ते आयितु म्हणतात, आणि मग त्या विषयावर पुढं बोलत नाहीत.

सिलिकॉनचा म्हातारा मंगळवेढ्याला गेला. मी अधूनमधून डागडुजीला जायचे. उन्हानं रंग उडायचा, कुणीतरी नाकावर माशी मारून नाक काळं करायचं. अंगणात गावातल्याच बायका रडायला बसवल्या होत्या आणि त्यांची म्होरकी मुक्ताबाई होती. ज्वारीची काढणी उरकून ती या कामाला आली होती. पहिल्या दिवशी तिनं मढ्याकडं बघून पदर तोंडाला लावला तो खरा. पुढं तिचा त्याच्यावर जीव जडला. शॉट नसतानाही ती त्याच्या तोंडावरच्या माशा वारायची. "लई गरीब मानूस असनार ह्यो," मला म्हणायची. "तोंडावरनंच कळतंय." हे माझे वडील आहेत, असं मी तिला कधी सांगितलं नाही. काय सांगणार?

मग एका दुपारी मानसिंगचा फोन आला. "ताई, सरांनी शेवट बदललाय."

सर म्हणजे दिग्दर्शक, अभिमन्यू. तिशीतला, हळू बोलणारा मुलगा, ज्याला मी कधी चिडलेलं बघितलं नव्हतं. अशा माणसांचाच जास्त ताप होतो, कारण त्यांच्याशी भांडता येत नाही.

"कडब्याचा मानूस कॅन्सल," मानसिंग म्हणाला. "आता क्लोजअप पायजे. चेहऱ्यावर ज्वाळा. आपला म्हातारा जाळायचा."

मी म्हटलं, खऱ्या चितेवर चेहरा उघडा नसतो, वर गोवऱ्या रचतात. तो म्हणाला, सांगितलं सरांना, ते म्हणले कलेत चालतं. मी म्हटलं, दुसरा चेहरा करते. तो म्हणाला, सिनेमाभर ह्योच दिसलाय, आता दुसरा कुठनं आणता? तेही खरंच होतं. त्याच साच्यातून पुन्हा ओतला असता तरी ते अप्पाच निघाले असते. मग मी ग्राफिक्सचं नाव काढलं. तो नुसता हसला, तेवढं बजेट कुठलं.

"ताई, रबरच हाय की शेवटी."

"मग तुझ्या वडलांचं तोंड घ्यायचं होतं."

"तसं कसं, ताई. आमचे आबा हायत अजून."

"माझेही आहेत."

याच लोकांचा पुढचा मोठा सिनेमा होता, त्यात लढाया होत्या, म्हणजे वर्षभर जखमाच जखमा. मी अडून बसले असते तर ते काम गेलं असतं, आणि त्या कामाशिवाय शेड चालली नसती. ऋतुजा करमाळ्याला परत गेली असती. मी काय केलं असतं, देव जाणे, नवऱ्या सजवल्या असत्या. मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी अप्पा कडक भाकरी मोडून आमटीत भिजवत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. ते जाळणार आहेत. तुमचा चेहरा. मी म्हटलं होतं नाही, पण त्यांनी बदललं.

त्यांनी भाकरीचा तुकडा दाबून बघितला, भिजलाय का. "न्हाई म्हटलं तर?"

"तर पुढचं काम जाईल."

"पुन्हा मुंबईला जायला लागंल तुला?"

"लागेल बहुतेक."

"मग जाळू दे की," अप्पा म्हणाले. "रबर हाय ते. मी हितं बसलोय."

मला इतकं हायसं वाटलं की त्याचाच राग आला. भांडले असते तर बरं झालं असतं. मी ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसले. हात धुताना ते म्हणाले, "मी येतो तितं. आपल्याच मातीला जायला कुणाला मिळतं?" आणि हसले. मी नको म्हणायला हवं होतं, पण तेवढा वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं.

चिता गावाबाहेर काळ्या रानात रचली होती. ज्वारी काढलेली, धसकटं पायाला टोचत होती. ऊन उतरायला लागलं की शॉट घ्यायचा होता. अभिमन्यूला तो पिवळा उजेड हवा होता आणि तो फार वेळ टिकत नाही. आम्ही पोचलो तेव्हा म्हातारा लाकडांवर चढवलेला होता. नेहरू शर्ट, धोतर, कपाळाला विभूतीचे पट्टे अशा थाटात अप्पा गाडीतून उतरले आणि माझ्याआधी चितेकडं चालायला लागले.

आधी लाइटवाल्यानं बघितलं. त्यानं हातातली केबल खाली ठेवली. मग एकेक करून सगळे बघायला लागले, एकदा लाकडांवरच्या तोंडाकडं, एकदा चालत येणाऱ्या तोंडाकडं. रडायच्या बायका एका बाजूला बसल्या होत्या. मुक्ताबाई उठली, सरळ अप्पांसमोर आली आणि परपुरुष वगैरे काही न बघता तिनं त्यांच्या गालाला हात लावला.

"गरम हाय," ती मागं वळून बायकांना म्हणाली. मग अप्पांना म्हणाली, "तुमी जित्तं हायसा व्हय, आबा?"

"अजून तरी हाय की," अप्पा म्हणाले.

"आन मी हितं रोज छाती बडवतीय तुमच्या नावानं."

"बरं रडता म्हणं तुमी. पोरगी सांगत हुती."

मुक्ताबाई हसली नाही. ती परत जाऊन बसली आणि तिनं पदर खोचून घेतला. मानसिंगनं बायकांना जागा घ्यायला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "आमी न्हाय रडनार. मानूस समूर हुबा हाय. जित्त्या मानसामागं रडलं की त्याचं आयुष्य तुटतंय. आन त्येला जाळायचं तर आजाबात न्हाय." बाकीच्या बायकांतलीही एक उठली नाही.

मानसिंगनं समजावलं, मग दरडावलं, मग हात जोडले. अभिमन्यू माझ्याकडं आला. त्याचे डोळे तांबारले होते. कितीतरी रात्री धड झोपला नसावा. "ताई, प्लीज," तो म्हणाला, "तुमच्या वडिलांना गाडीत बसवता का? उजेड चाललाय. आजचा दिवस गेला तर मला पुन्हा हे सगळं उभं करता येणार नाही. माझ्यात ताकदच नाही राहिलेली." मला त्याची कीव आली. दुष्ट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मी काही बोलायच्या आत अप्पांनीच माझ्या कोपराला धरलं. "चल. मी गाडीत बसतो. माझ्यापायी तुझं काम अडतंय." ते गेले, दार ओढून घेतलं आणि काचही वर केली. मग मुक्ताबाईला कुणी काय सांगितलं कोण जाणे, पण बायका उठल्या आणि चितेच्या कडेला येऊन पाठ करून उभ्या राहिल्या. रडणार नाही, नुसत्या उभ्या राहू, असं ठरलं होतं म्हणे. अभिमन्यूला तेही चाललं.

आता माझं काम. सिलिकॉन नीट पेटत नाही, त्यावर आधी एक जेल चोपडावं लागतं. मी लाकडांवर गुडघा टेकला आणि अप्पांच्या कपाळाला जेल लावायला लागले. कपाळ, मग भुवया, ऋतुजानं टोचलेले ते केस, मग गाल. हात सवयीनं चालत होते. सिलिकॉन जळतं कसं, ते मला ठाऊक आहे. ते वितळत नाही. पांढरं होत जातं, तडकतं, आणि शेवटी भुकटी होऊन बसतं. मी मनाशी म्हणत होते की आज घरी गेल्यावर सलग दोन दिवस झोपायचं. मानेपाशी आले तेव्हा बोट त्या दोऱ्याच्या खाचेत गेलं. मी तिथंही जेल भरलं.

आगीचं बघणारा माणूस पेटता पलिता घेऊन आला. "ताई, लावू का?" चेहरा माझा, म्हणून हो मीच म्हणायचं होतं. सगळे माझ्याकडं बघत होते.

मी गाडीकडं बघितलं. काचेतून अप्पा दिसत होते. त्यांनी चपला काढल्या होत्या आणि मागच्या सीटवर मांडी घातली होती. पाठ ताठ, डोळे मिटलेले, डाव्या तळहातावर इष्टलिंग. ही त्यांच्या पूजेची वेळ नव्हती. पूजा ते घरी आंघोळ करून, अंग कोरडं करून करतात, असं प्रवासात, पारोशानं कधीच नाही. इकडं त्यांच्या तोंडाला आग लागायची होती आणि तो माणूस तिकडं आपलं आपण नीट बसून घेत होता.

मला काय झालं ते मला आजही धड सांगता येत नाही. रडू आलं एवढं आठवतं, आणि ते कुणी बघितलं याची लाज वाटली नाही. मी म्हाताऱ्याच्या डोक्यामागं हात घातला. केसांखाली शिवण होती, ती मीच लपवली होती. बोटं आत सरकवली आणि ओढलं. सिलिकॉनची कातडी आतल्या फायबरच्या डोक्याला चिकटवलेली असते, ती सहज निघत नाही. डावा कान फाटला, तोच, जो दोनदा ओतला होता. मग कपाळ सुटलं, नाक सुटलं, आणि अख्खं तोंड मानेपासून माझ्या हातात आलं. लाकडांवर राहिलं ते नाकडोळे नसलेलं, पिवळट फायबरचं डोकं.

"आता जाळा," मी म्हटलं.

अभिमन्यू जिथं उभा होता तिथंच धसकटांत खाली बसला आणि त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं. मानसिंग माझ्याबरोबर गाडीपर्यंत चालत आला. "ताई, आता तुमाला काम कोन दील?" त्यानं विचारलं. त्यात धमकी नव्हती, खरीच काळजी होती. मी म्हटलं, कुणी नाही. मुक्ताबाई लांबून बघत होती. तिनं हात वर केला नाही की काही नाही.

मी गाडी सुरू केली. तोंड शेजारच्या सीटवर ठेवलं होतं, जेलनं बरबटलेलं, ओल्या फडक्यासारखं दुमडलेलं. मंगळवेढा मागं पडलं. उसाची एक ट्रॉली पुढं चालली होती, तिला ओलांडायचाही मला हुरूप नव्हता. तिच्या मागून तशीच हळूहळू जात राहिले. ऋतुजाला काय सांगायचं, याचा विचार करायचा प्रयत्न केला, पण तो पुढं सरकेना.

अप्पांनी मागून वाकून सीटवर बघितलं. "फाटलं व्हय?"

"कानापाशी."

"सांधता येतंय?"

"नाही येत."

ते पुन्हा मागं टेकले. पंढरपूर रोडचे दिवे दिसायला लागले होते. मला वाटलं त्यांना झोप लागली.

"सिद्दी," ते म्हणाले. "जाळलं असतं तर मला लई लागलं असतं."

मी आरशात बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"मग जेवताना का नाही बोललात? मी सांगितलं होतं की तुम्हाला."

"तू लई दमलेली दिसत हुतीस," अप्पा म्हणाले.